आत्याच्या गोधडीचं अस्तर

जत्रेचं मैदान, सिन्नरच्या पुढे
२४ नोव्हेंबर २०२४

विनिताताई,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. मेला तो फोन. पाळण्याच्या सगळ्यात वरच्या डब्यात बसून कांद्याच्या शेतांचा व्हिडिओ काढत होतो, हातातून सटकला, तो थेट खाली गुडीशेववाल्याच्या परातीत. त्याने शेव झटकून परत दिला, पण आतला जीव गेलेला. आता नवीन घेत नाही. आत्या म्हणतेच ना, "फोनवर तू खोटं बोलतंस, कागदावर तुला जमायचं नाय." तर घे कागद. तिला वाचून दाखव.

मी सध्या आकाशपाळण्यावर आहे. गोव्याचं हॉटेल सोडलं, त्याची स्टोरी मोठी आहे, त्यात एक कासव पण आहे, नंतर सांगेन. पाळण्याचा मालक दगडूशेठ. शेठ नावापुरता, बनियनला भोकं. मी बारावी नापास म्हटल्यावर तो म्हणाला, "ब्रेक दाबता येतो ना? मग तू इंजिनियर." जोडीला बंटी आहे, आपल्याच बाजूचा, आंबिवलीचा. गावोगाव फिरायचं, लोखंड जोडायचं, लोकांना वर नेऊन किंचाळायला लावायचं, परत लोखंड सोडवायचं. मला तर आवडतंय.

इथे थंडी म्हणजे थंडी. सगळे कुडकुडतात, मी आत्याच्या गोधडीत राजा. आत्याला सांग, माझ्या बारशाची गोधडी हिमाचलला जाऊन आली, हंपीच्या दगडांवर झोपली, अजून टाका सुटलेला नाही. कडेला थोडी फाटली आहे, आतलं गोणपाट दिसतं, त्यावर कसलीतरी इंग्रजी अक्षरं. रोज सकाळी पाळण्याच्या खांबावर टाकून काठीने बडवतो, ती बडवायची तशीच. असा धुरळा निघतो की बंटी म्हणतो, "तुझ्या आत्याने आत अख्खं बाळकुम भरलंय काय?"

तिचा खोकला गेला का? खाली दगडूशेठचा पत्ता देतोय, त्यांचा पोरगा पुढच्या मुक्कामाला टपाल पोचवतो.

तुझा,
पित्या

---

डोंबिवली
४ डिसेंबर २०२४

प्रितम,

आजच्या काळात पत्र लिहायला लावणारा भाऊ मलाच मिळावा. दगडूशेठला दोनदा फोन केला, "तो वर पाळण्यावर आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. म्हणून लिहितेय. हे मी आत्याला वाचून दाखवणार नाही, तूही उत्तरात जपून लिही.

खोकला गेला नाही. दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला, बाळकुमच्या घरातून नळापर्यंत जाऊन यायची तरी भिंतीला धरून उभी राहायची. छातीत पाणी झालं होतं. सुईने काढलं, परत झालं. मग आतला तुकडा काढून तपासला. फुप्फुसाभोवती एक पातळ अस्तर असतं, त्याचा कॅन्सर आहे. तिला माहीत आहे. "बरं," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, घरात कुणी सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होतं का? मी म्हटलं, आमचे अप्पा. त्या पत्र्यात घालतात तो दगडाचा कापूस, त्याची धूळ छातीत गेली की वीस-तीस-चाळीस वर्षांनी हे वर येतं. अप्पा ट्रकखाली गेले म्हणून त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. आत्या रोज त्यांचे कपडे धुवायची, त्यातून तिला झालं असणार, असं मला वाटतं. पण आत्या डॉक्टरांना काय म्हणाली माहीत आहे? "मी कधी त्याच्या कपऱ्याला हात लावला नाय." अरे, आई गेल्यावर या घरातलं कापड न् कापड तिने धुतलं. मी बघतच राहिले.

आता नीट वाच. या आजारावर एक नवीन औषध आहे, अजून बाजारात नाही, हॉस्पिटलात निवडक पेशंटवर चाचणी चालू आहे. मेसोथेलिन नावाचं एक प्रोटीन असतं. तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या त्या अस्तरावर ते थोडंसं असतं. गंमत म्हणजे ते तिथे काय काम करतं ते अजून कुणाला धड कळलेलं नाही. उंदरांच्या अंगातून ते काढून टाकलं तरी उंदीर मजेत होते म्हणे. पण हा कॅन्सर झाला की ते बेसुमार वाढतं आणि तिथून सुटून रक्तात उतरतं. म्हणून रक्तात मोजलं की आजाराचा अंदाज येतो. आणि औषध नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं, त्याच्या खुणेने कॅन्सर शोधतं आणि मारतं. ज्यांच्या तुकड्यात ते भरपूर, त्यांनाच घेतात. आत्याच्या तुकड्यात भरपूर आहे. रक्तातही खूप आहे. म्हणजे तिला घेतील.

पण ती चाचणीच्या कागदावर सही करत नाही. का, ते सांगत नाही. मी रडले, तुझ्या प्रफुल्ल दाजींनी हात जोडले, काही नाही. सारखं एकच विचारते, "पितम ती गोधरी पांघरतो का?" तुझ्यावर जीव आहे तिचा. तू आलास तर ऐकेल. ये.

विनिता

---

निफाडच्या अलीकडे
१६ डिसेंबर २०२४

ताई,

वाचून दोन दिवस ब्रेकवर मला बसवलं नाही कुणी. डबे वरच थांबवून ठेवत होतो.

खरं सांगू, आधी वाचलं आणि वाटलं, प्रोटीन वाढलंय तर चांगलंच आहे की! जिममधली पोरं त्यासाठी डबे विकत घेतात. बंटीला विचारलं, तो म्हणाला, "अंडी देत असतील." मग तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. आणि त्या प्रोटीनचं वाचून हसू पण आलं ग. घरात असतं, पण काय करतं कुणाला माहीत नाही, काढून टाकलं तरी कुणाचं अडत नाही. माझीच जन्मपत्रिका लिहिलीस.

मी येणार आहे. पण लगेच निघालो तर शेठ हंगामाचे सगळे पैसे बुडवेल, आणि शिवाय पाळणा जोडायला चार माणसं लागतात, एक गणेश नावाचा पळाला. जानेवारीत म्हशाची जत्रा आहे. म्हसा म्हणजे कल्याणहून एसटीने गेलं की आलंच. तिथून येतो. नक्की. कागदावर लिहितोय.

आता हे पुढचं आत्याला वाच.

आत्या, सही करून टाक. औषध फुकट आहे, आणि फुकट तू काही सोडत नाहीस, भाजीवाल्याकडून कोथिंबीर सोडलीस का कधी? ताई म्हणते, तू माझ्या गोधडीची चौकशी करतेस. तर ऐक. गोधडी एक नंबर. गेल्या आठवड्यात बंटीला ताप भरला, थंडीने दात वाजत होते, म्हणून त्यालाच दिली. डोक्यावरून घेऊन दोन दिवस आतच पडला होता. बरा झाला! म्हणतो, डॉक्टरपेक्षा तुझी आत्या भारी. मला सांग, तू आणि हौसाबाई दुपारी पडवीत बसून शिवायचात तेव्हा आत काय भरायचात? कारण एवढी ऊब नुसत्या कपड्याची नाही. बंटीच्या बहिणीला बाळ होणार आहे, त्याला तुझ्याकडून एक हवी आहे. तेव्हा लवकर बरी हो, ऑर्डर आली आहे.

पित्या

---

डोंबिवली
२७ डिसेंबर २०२४

प्रितम,

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. कोथिंबिरीला ती हसली. म्हणून पुढे वाचत गेले. बंटीच्या तापाचं आलं तसा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "त्या पोराला घरी कोन कोन हाय?" मी म्हटलं, मला काय माहीत. रात्री जेवली नाही. तू नाहीस म्हणून लागलंय तिला, दुसरं काय. तू दुसऱ्याच्या पोराची काळजी घेतोस आणि इकडे येत नाहीस, असं वाटलं असेल.

पाणी तिसऱ्यांदा काढलं.

हॉस्पिटलातल्या क्षिप्रा मॅडम, चाचणीचं काम बघतात त्या, स्वतः बाळकुमला आल्या होत्या. एवढ्या टॉवरांमध्ये आपली गल्ली सापडायला त्यांना रिक्षावाल्याशी भांडावं लागलं. बाई चांगली आहे. आत्याच्या शेजारी जमिनीवर बसली. विचारलं, "मावशी, धूळ कुठून आली असेल, आठवतं का?" आत्या म्हणाली, "त्या कारखान्याशी माजा काय संबंध? मी शेतातली बाय, मिठागरात राबलेली." मॅडम म्हणाल्या, बरं, नाही आठवलं तरी चालेल, पण घरात धूळ आली असेल तर मुलांनीही छातीचे फोटो काढून ठेवावेत, लक्ष ठेवावं. झालं. आत्याने भिंतीकडे तोंड केलं. मॅडम जाईपर्यंत वळली नाही. चहाचं सुद्धा विचारलं नाही तिने, प्रितम. आत्याने! दारात आलेल्या मीटरवाल्याला चहा पाजणारी बाई.

मॅडमनी जाताना मला जिन्यात सांगितलं ते तुला सांगते. औषध मिळायचं तर पेशंट हिंडता-फिरता असावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्याला घेत नाहीत, असा नियमच आहे. आत्या अजून स्वतःच्या पायांनी चालते. अजून.

म्हशाला आलास की एक मिनिट थांबू नकोस.

विनिता

---

म्हसा
१५ जानेवारी २०२५

ताई,

आलो! म्हणजे म्हशापर्यंत आलो. काल सकाळीच निघणार होतो, पिशवी पण भरलेली. पण बैलबाजारात एक म्हातारा भेटला, त्याची खिलारी जोडी, शिंगांना असा निळा रंग, आणि तो बैलांच्या दातांवरून वय सांगायला शिकवत होता. त्यात दुपार गेली. मग पाळण्याचा एक डबा अडकला, वरती एक नवरानवरी, नवरी खाली बघून सासूचं नाव घेऊन रडते आहे, त्यांना उतरवता उतरवता शेवटची एसटी गेली. उद्या येतो. उद्या नाहीतर परवा. शेठकडे हिशोब अडकला आहे तो मिळाला की झालं.

हे आत्याला वाच, तिला आवडेल.

आत्या, तुझ्या गोधडीने काल पराक्रम केला. थंडीत आम्ही शेकोटी पेटवलेली, वाऱ्याने निखारा उडून गोधडीवर पडला. कापड जळालं, खालचं गोणपाट भसकन जळालं, मी पाणी आणेपर्यंत तळहाताएवढं भोक. पण गंमत बघ, भोकाच्या मध्ये पांढरा कापसासारखा एक झुपका, तो तसाच! जळलाच नाही. बंटीने काडी पेटवून त्याला लावली, तरी नाही. नुसता लाल होतो आणि परत पांढरा. आम्ही आख्ख्या जत्रेला दाखवला. लोक म्हणाले, ही काय देवाची गोधडी आहे का? मी म्हटलं, आमच्या आत्याची. चिमटीत धरून फुंकर मारली की म्हातारीच्या कापसासारखा उडतो. पोरंटोरं मागे धावत होती.

आता येऊन तुझ्याकडूनच त्याला ठिगळ लावून घेणार.

पित्या

---

डोंबिवली
२१ जानेवारी २०२५

प्रितम,

शेठचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. मी काल म्हशाला येऊन गेले. तुमचा पाळणा नव्हता. जमिनीत खांबांचे खड्डे, आणि एक चहावाला, तो म्हणाला जुन्नरच्या बाजूला गेले. तू "उद्या येतो" लिहून जुन्नरला गेलास. असो. त्याचं नंतर.

गोधडी अंगाला लावू नकोस. बंटीला लावू देऊ नकोस. झटकू नकोस, बडवू नकोस, जाळू नकोस, नदीत टाकू नकोस. पाण्याने चिंब भिजव, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून तोंड बांध.

तुझं निखाऱ्याचं मी तिला वाचत होते. मलाही मजा वाटत होती. "जळलाच नाही" म्हटलं आणि ती उठली. मोरीपर्यंत गेली, ओकली, आणि तिथेच खाली बसली. मी पाठ चोळत होते आणि एकदम माझ्या डोक्यात आलं. न जळणारा कापूस. कारखान्याच्या गेटवर लिहिलेलंच असायचं ना, आग लागत नाही म्हणून. अप्पा रिकाम्या गोण्या घरी आणायचे. मी त्या गोण्यांची खोळ करून पावसात शाळेत गेलेय, प्रितम.

मग ती बोलली. मला म्हणाली, "लिव." तिच्याच शब्दांत लिहितेय.

"बाला, त्या गोन्या फुकट मिलायच्या. मजबूत, ऊबदार. गल्लीतल्या आम्ही बाया गोन्यांवरून भांडायचो. तुजा बाप मना जास्ती आनून द्यायचा, म्हनून सगल्या माज्याकरं यायच्या. दोन लुगऱ्यांच्या मधी ती गोनी घातली का थंडीची टाप नाय. आत पांढरा भुसा असायचा. बाकीच्यांचा मी झटकून टाकला. तुजा नाय टाकला. आई नसलेला पोर, म्हटलं, मऊ लागंल. मना काय ठावं? त्या डाक्टरनं धुरला म्हटला तवाच मी समजले. सही केली तर ती बाय परत इचारंल, धुरला कुठून आला. मंग तुमाला समजंल. मना वाटला, मी गेले का माज्यासंगती जाईल. तू येऊ नको. पन ती टाक."

"येऊ नको" तिने सांगितलं, मी लिहिलं. आता मी सांगते. ये. अजून औषधाची जागा भरलेली नाही.

विनिता

---

जुन्नर
२४ जानेवारी

ताई,

निघालो. हिशोब शेठला ठेव म्हटलं. हे पत्र माझ्याआधी पोचणार नाही, तरी लिहितोय, कारण हातात काहीतरी पाहिजे. बंटी बरोबर येतोय. गोधडी भिजवली. भिजल्यावर एवढी जड होते माहीत नव्हतं.

पि.

---

डोंबिवली
१४ एप्रिल २०२५

प्रितम,

बंटीच्या आंबिवलीच्या खोलीवर पाठवतेय. तिथे नसलास तर तो तुला कुठूनतरी शोधून काढेल. तेराव्याचं जेवण संपून पाहुण्यांच्या चपला दारातून हलल्या नव्हत्या आणि तू गेलास. शेजारच्या सखुबाईला "येतो जरा" सांगून. तुझं "जरा" मी लहानपणापासून ऐकतेय.

एकदाच बोलते, परत नाही बोलणार. तू आलास त्या संध्याकाळी तिने सही केली. तू काही समजावलं नाहीस, औषधाचं नाव घेतलं नाहीस, नुसता तिच्या पायाशी बसून बैलांचे दात कसे बघायचे ते सांगत होतास. आणि तिने पेन मागितलं. मी एवढे दिवस डोकं फोडलं ते एका बैलाच्या दातावर झालं. मग आपण तिला नेलं, क्षिप्रा मॅडमनी दारातूनच बघितलं, आणि तू तिला उचलून आणलं होतंस. प्रितम, तुझ्या हातात ती एवढी हलकी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, जरा चालून दाखवा मावशी. ती उठली, पदर सारखा केला, आणि खुर्चीचा हात सोडता येईना तिला. हसली कसनुशी, आपल्याकडून मोडलं म्हणून ओशाळल्यासारखी. तेव्हा तू बाहेर निघून गेलास. मग मॅडमनी मला कागद परत दिला, तिच्या सहीसकट. रक्तात ते प्रोटीन इतकं होतं, म्हणाल्या, औषधाला पत्ता शोधावा लागला नसता.

तू म्हशाहून आला असतास तर ती चालली असती का? मला माहीत नाही. ती चालत होती तेव्हा. बास. झालं बोलून.

आपल्या दोघांचे छातीचे फोटो आणि रक्ताचे रिपोर्ट आले. माझं ठीक. तुझंही ठीक. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे सुटलो? ते म्हणाले, आज काही नाही, एवढंच म्हणता येतं. हे वर यायला कित्येक वर्षं लागतात, त्याआधी रक्तात काही दिसत नाही. तुला आता सव्विसावं. वर्षातून एकदा दाखवायचं, आणि छातीत दुखलं, दम लागला तर पाळण्यावरून उतरून सरळ डॉक्टर. एवढं ऐक.

आणि आत्याची खोली उघडली तर तुझी गोधडी तिथेच, पिशवीत बांधलेली. पण शेजारी आणखी पाच तशाच बांधलेल्या पिशव्या आहेत. त्या कुठून आल्या? काय करतोयस तू?

विनिता

---

आंबिवली
९ मे २०२५

ताई,

तू एकदाच बोललीस, बरं केलंस.

पिशव्यांचं सांगतो. तुला सांगितलं नाही, कारण आत्याने आधी माझ्याकडून कबूल करून घेतलेलं. हॉस्पिटलातून परत आणलं त्या दिवशी तू औषधं आणायला गेलेलीस. ती म्हणाली, "मना एक काम कर." आणि बोटांवर नावं मोजायला लागली. कुणाच्या बारशाला, कुणाच्या लग्नात, कुणाला बाळंतपणात. आख्ख्या गल्लीला हिने शिवून दिलेल्या. जमिनी गेल्या, बिल्डरने घरं दिली, कुणी विकून लांब गेले, आणि प्रत्येकजण जाताना भांडी-कुंडी टाकून गोधडी मात्र घेऊन गेला. ती म्हणाली, "तू नायतरी फिरतच असतंस. आता ह्यांच्याकरं फिर." पहिल्यांदा कुणीतरी मला फिरायला सांगितलं. दम लागेपर्यंत नावं सांगत होती. मग मी म्हटलं, पुरे आत्या, उद्या. तिचा उद्या पण माझ्यासारखाच निघाला.

पहिलं बंटीला सांगितलं. सगळं, तापाचं पण. तो म्हणाला, "म्हणजे मला पण वर्षाला एकदा दाखवायचं?" मी हो म्हटलं. "साथमें जायेंगे फिर," म्हणाला आणि आंघोळीला गेला. मोरीतून बराच वेळ पाण्याचाच आवाज.

लोक कसे वागतात सांगू? एकाने दार लावून घेतलं, त्याला वाटलं मी जुन्या गोधड्या परदेशी लोकांना विकतो. एकीने दिली, पण आधी इस्त्रीवाल्याकडून धुऊन आणली, स्वच्छ द्यावी म्हणून! एका आजोबांनी मला बसवून कारखान्याच्या फुटबॉल टीमचे फोटो दाखवले, अप्पा गोलकीपर होते हे तुला माहीत होतं? मी पण तासभर बघत बसलो, मग आठवलं कशाला आलोय. महापालिकेच्या माणसाला विचारलं पिशव्यांचं काय करू, तो म्हणाला, ओला कचरा की सुका? म्हणून त्या आत्याच्या खोलीत आहेत. त्या कुठे टाकायच्या हे मला अजून कुणीही सांगितलेलं नाही. खोलीला कुलूप ठेव.

आता कालचं. ते सांगायलाच बसलो होतो.

ठाकुर्लीला हौसाबाई राहते, पोराकडे. पडवीत आत्याबरोबर बसून टाके घालणारी. बिल्डिंग शोधत होतो, आणि नंबर वाचायची गरजच पडली नाही. तिसऱ्या मजल्यावर कठड्यावर गोधडी. लाल चौकोन, मध्ये पिवळी ठिगळं, कडेला ते उलटे टाके, आत्याशिवाय कुणी घालत नाही. पाठीमागे हौसाबाई, दोन्ही हातांनी टोकं धरलेली. मी खालून ओरडलो, "मावशी, झटकू नका!" तिने वाकून बघितलं. "कोन रं?" मी म्हटलं, "काळुरामचा प्रितम, बाळकुमचा! झटकू नका!" तिला 'बाळकुम' तेवढं ऐकू गेलं असणार. एवढी खूश झाली. "थांब हां!" म्हणाली, आणि पाहुणा आला तर कठडा मोकळा करावा म्हणून गोधडी दोनदा खाडकन झटकली. सकाळचं ऊन होतं. त्यात ते सगळं चमकत खाली आलं. मी तोंड दाबून जिन्यात पळालो.

वर गेलो तर बसायला तीच गोधडी घडी घालून सोफ्यावर. मी उभाच. "बस रं, ही तुज्या आत्यानं माज्या आनंदाच्या बारशाला शिवली. आता त्याचा पोर हिच्यावरच झोपतो. दुसऱ्या कशावर झोपतच नाय." पोरगं आत पाळण्यात होतं. सून चहा टाकत होती. मी पिशव्या आणि पाण्याची बाटली बाहेर काढली. कुठून सुरुवात करायची याची आता मला सवय झालेली, पण तिने मध्येच विचारलं, "तुजी आत्या कशी हाय, आवडा? गुडघे काय म्हनतात तिचे?"

ताई, तिला कुणी कळवलंच नव्हतं.

मी सांगितलं. तिने सोफ्यावरची गोधडी ओढून मांडीवर घेतली, उलटे टाके अंगठ्याने चाचपले, आणि तिच्यात तोंड खुपसून रडायला लागली. खोल श्वास घेत होती. "आवडाचा वास येतो रं अजून," म्हणत होती. आणि परत घेत होती.

मी पुढे हात केलेला. पिशवीचं तोंड उघडं. मला तिच्या हातातून ती ओढून घेता येईना.

पित्या